बंद न होणारी घरं

९ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा भरलं!

चहाचा पहिला घोट घेतला आणि खालच्या मजल्यावरून खुर्च्यांचा आवाज आला. एक खुर्ची सरकली तर माणूस पाणी प्यायला उठला. वीस खुर्च्या एकदम सरकल्या म्हणजे मशीन अडलं. मी कप खाली ठेवला. शेजारच्या टेबलावरचा आमचा शंकासूर म्हणाला, "काय झालं?" म्हटलं, "थांब, आता फोन वाजेल." वाजलाच.

क्लेम विभागाचे साहेब. "अहो मामा, माझी माणसं हातावर हात ठेवून बसलीत! एक पत्र सेव्ह होत नाही. त्या बाईंना आवरा हो आता!"

आवरतो कसला! दोष जागेचा आहे. अख्ख्या विमा कंपनीचं एकच मोठं मशीन, मेनफ्रेम, त्यावर साडेतीनशे माणसं, आणि त्या सगळ्यांचं सामान एकाच खोलीत. प्रत्येकाच्या नावाचा कप्पा आहे, पण भिंत नाही. एकाने हातपाय पसरले की सगळ्यांचा श्वास कोंडतो. दीड वर्षात ही पाचवी वेळ. आणि दोन वेळांमधलं अंतर दर वेळी कमी होतंय, ते वेगळंच.

पहिल्यांदा कोणी भरलं देव जाणे. त्यानंतर मी एक पहारेकरी बसवला. छोटासा प्रोग्रॅम. दर दहा मिनिटांनी प्रत्येकाच्या कप्प्यात डोकावतो आणि कोणाकडे किती सामान ते टिपून ठेवतो. फक्त मशीन सांभाळणाऱ्या आमच्या खोलीतल्या चौघांना वगळलंय. पहारेकऱ्याने स्वतःच्याच तोंडावर बॅटरी मारायची का! त्याच्या यादीत दर वेळी पहिलं नाव एकच: गणितबाई. तिसऱ्या मजल्यावर एकट्या बसतात. माणसं किती जगतात आणि किती मरतात याचं गणित मांडतात, त्यावर आमचे हप्ते ठरतात. एवढं मोठं गणित म्हटल्यावर फाइली मोठ्या असणारच.

आजही बाईंनी त्यांचं थोडं सामान काढलं, तेव्हा कुठे मशीन चाललं.


१० फेब्रुवारी, मंगळवार

मोठ्या साहेबांच्या खोलीत बैठक. क्लेमवाले साहेब आधीच येऊन बसलेले, चेहरा शोकसभेचा. गणितबाई आल्या त्या बसल्याच नाहीत.

साहेब म्हणाले, "बाई, तुमच्या कामाचं मोल मला ठाऊक आहे. पण ऑफिस चालायला हवं. मार्चअखेरपर्यंत यातून मार्ग निघाला नाही तर तुमचं काम मशीनवरून उतरवावं लागेल."

"उतरवून ठेवू कुठे? पिशवीत?"

कोणी हसलं नाही. मला फार हसू आलं, ते खोकल्यात घातलं. तीन वर्षांचं गणित आहे त्यांचं. नवीन योजना त्याच्यावर उभी राहायची. हे मशीन नसेल तर ते सोडवायला दुसरं साधन आमच्या ऑफिसात नाही.

क्लेमवाले म्हणाले, "मामांची यादीच बोलते आहे ना! आम्ही कुठे काही म्हणतो?"

तेव्हा बाई माझ्याकडे वळल्या. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळेच जास्त लागला. "तुमची यादी बघून मी दोन वर्षांचे जुने निकाल पुसले, मामा. बॅकअपच्या प्रतींचीही मुदत गेली. तुम्ही म्हणालात म्हणून पुसले. तरी भरलंच ना?"

मग मी तोंड उघडलं. "साहेब, भांडण माणसांचं नाही, खोलीचं आहे. एका खोलीत साडेतीनशे बिऱ्हाडं म्हटल्यावर भांडीच वाजणार! प्रत्येकाला वेगळी फाइल सिस्टीम द्या. ज्याचं त्याचं घर, ज्याची त्याची भिंत. ज्याचं भरेल तो अडेल, शेजाऱ्याला कळणारसुद्धा नाही."

"साडेतीनशे वेगळी घरं? सांभाळणार कोण?"

"मशीनच सांभाळेल. माणूस आला की त्याचं घर आपोआप जोडायचं, गेला की आपोआप काढून ठेवायचं."

साहेबांनी पेन तीनदा टेबलावर आपटलं. तीनदा म्हणजे होकार, दोनदा म्हणजे नकार, हे मी केव्हाच ऐकून ठेवलंय. मार्चअखेरची मुदत मिळाली. बाईंचं काम आता माझ्या शब्दावर टांगलेलं आहे. बोलून तर बसलो!


११ फेब्रुवारी, बुधवार

बायकोला मोठ्या उत्साहाने सगळं सांगितलं. म्हणाली, "मशीनमधल्या साडेतीनशे जणांना वेगळं घर. आणि आपल्या कपाटात मला एक रिकामा कप्पा मिळेना!"

माझे जुने स्वेटर काढून दिले.


१७ फेब्रुवारी, मंगळवार

कॅन्टीनमध्ये नेहमी पाठमोरं बसावं. तोंड भिंतीकडे, कान सगळीकडे.

मागच्या टेबलावर आस्थापना विभागाच्या दोघी. "बाईंच्या बदलीचं पत्र तयारच आहे म्हणे. तारीख तेवढी टाकायची." दुसरी म्हणाली, "मामा काहीतरी करतायत ना?" पहिली म्हणाली, "मामा काय करणार! टेपच्या ट्रॉल्या ढकलत आलेला माणूस."

चहा थोडा सांडला. पण खोटं काय बोलली? आलोच ढकलत. त्या ट्रॉल्यांच्या चाकांच्या आवाजावरून मी सांगायचो, कुठली टेप कुठल्या खोलीत चालली आहे. आज त्या टेपा ज्या मशीनला लागायच्या, ते मशीन माझ्या हातात आहे. उठताना त्या दोघींना वाकून नमस्कार केला. एकीला ठसका लागला!


१९ फेब्रुवारी, गुरुवार

शंकासूर दिवसभर मानगुटीवर. या माणसाला आईने पाळण्यात घातलं तेव्हा त्याने दोरी ओढून बघितली असणार. पण असा एक जवळ असावा. माझं घोडं उधळतं, तो लगाम धरतो.

आजची शंका: "मामा, बेरीज जुळत नाही. तुमच्या यादीतल्या सगळ्यांचं सामान मिळवलं तरी भरलेली जागा त्यापेक्षा बरीच जास्त दिसते."

म्हटलं, "अरे, जुना केर असेल. सोडून गेलेल्या माणसांचा. नवीन घरात तो येणारच नाही."

"पण मोजून तरी—"

"जिथून उठायचं ती खोली झाडत बसू का आता?"

त्याने आकड्यांचा कागद घडी करून खिशात ठेवला. पटलं म्हणून नाही.


२४ फेब्रुवारी, मंगळवार

आज चाचणीच्या मशीनवर साहेबांना दाखवलं. काय मजा आली!

पडद्यावर सगळी घरं दाखवायला सांगितली तर पडदा कोरा. साहेब दचकले. "अहो, इथे तर कोणीच नाही!" क्लेमवाल्यांचा चेहरा फुलला.

मी म्हटलं, "साहेब, कोणाचंही नाव घ्या."

त्यांनी स्वतःचंच घेतलं. नाव टाइप केलं, घर हजर! आत त्यांच्या फाइली जशाच्या तशा. क्लेमवाल्यांचं नाव टाकलं, तेही हजर. "हाक मारली की दार उघडतं. पंधरा मिनिटं आत कोणी आलं-गेलं नाही की घर आपोआप बंद. रिकामी घरं उगाच उघडी ठेवायचीच नाहीत."

वीस मिनिटं गप्पा मारल्या आणि पुन्हा बघितलं. पडदा कोरा! साहेबांनी चक्क टाळी वाजवली. क्लेमवाले म्हणाले, "जादूचे प्रयोग बरे असतात, पण..." साहेबांनी त्यांचा 'पण' हवेतच ठेवला.


४ मार्च, बुधवार

बाई स्वतः आमच्या मजल्यावर आल्या. पहिल्यांदाच. घराची मापं ठरवत होतो. "मला किती मिळणार?" मी आकडा सांगितला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी दोन हातांनी दार उघडून धरलंय.

"एवढं? बाकीचे बोंबलतील."

"त्यांच्या घरातून एक वीट काढलेली नाही. बोंबलू दे."

आम्हा चौघांची घरं मात्र मी मुद्दाम सगळ्यांत लहान ठेवली. वाढप्याने आपल्या पानात जास्त वाढून घेऊ नये. जुनं सामानही उचललं नाही. लागणारे प्रोग्रॅम तेवढे नव्या घरात टाकले आणि झालो मोकळे. शंकासुराने विचारलं, "जुन्यात काय आहे ते बघायचं नाही?" म्हटलं, "निघताना मागे वळून बघू नये."


८ मार्च, रविवार

केलं! ऑफिसला सुट्टी, आम्ही चौघे हजर. सकाळी सुरुवात, जेवणाच्या वेळेपर्यंत साडेतीनशे घरं उभी. सगळ्यांचं सामान मोजून, ताडून हलवलं. बाईंचं दोनदा ताडलं. मग जुन्या खोलीवर नवीन व्यवस्था अंथरली. सतरंजी घातल्यावर खालची फरशी झाकली जावी तसं. फरशी कुठे जात नाही, दिसत नाही एवढंच. महिनाभर ती तशीच ठेवायची, मग उखडायची.

शंकासूर म्हणाला, "काही राहिलं तर नाही ना?"

"राहिली तुझी शंका. तीही घेऊन ये उद्या."


९ मार्च, सोमवार

आजचा दिवस सोन्याने मढवावा!

सकाळ गुळगुळीत. माणसं आली, दारं उघडली, कामाला लागली. अर्ध्यांना काही बदललंय याचा पत्तासुद्धा नाही. आमच्या धंद्यात याहून मोठी शाबासकी नसते.

दुपारी मात्र काहीतरी खुपायला लागलं. काय ते कळेना. मान वर करून नुसता बसलो. शंकासूर म्हणाला, "बरं वाटत नाही का?" म्हटलं, "चूप. ऐक."

"काहीच ऐकू येत नाही."

"तेच तर!"

भिंतीपलीकडे छपाईची खोली. रोज तीनच्या सुमाराला तिथलं धूड सुरू होतं. धडधडधड, मग श्वास घेतल्यासारखा खंड, पुन्हा धडधड. विमेदारांची पत्रं. आज शांत. पळत गेलो. छपाईवाला आरामात पेपर वाचत बसलेला. "आज पत्रंच नाहीत, मामा. कोणी आजारी पडलं नाही वाटतं!"

डोक्यात लख्ख झालं. पत्रं जमा व्हायची जागा! कोण्या एका पूर्वीच्या शहाण्याने ती माणसांच्या कप्प्यांच्या रांगेतच करून ठेवली होती. ती कोणाच्या नावाची नाही, म्हणून आमच्या यादीत आली नाही. रविवारी सतरंजी घातली, तिच्याखाली गेली. मशीन बिचारं 'पत्रं' नावाचा माणूस शोधत बसलं होतं.

परत धावलो. पत्रांना वेगळी, पक्की जागा करून दिली, रांगेच्या पार बाहेर. सतरंजीचा कोपरा उचलून खालची काढून आणली. दिवसभराची नवीन पत्रं पुन्हा पाठवायला लावली. टपालाची गाडी फाटकात आली आणि भिंतीपलीकडे धडधड सुरू झाली. असं संगीत मी आयुष्यात ऐकलं नाही!

एकाही विमेदाराचं पत्र चुकलं नाही. मोठ्या साहेबांना उशिरा कळलं. म्हणाले, "तुम्हाला कोणी सांगितलं?" म्हटलं, "कोणी काही बोललं नाही, म्हणून कळलं."


१३ मार्च, शुक्रवार

शंकासूर: "मामा, घरं बंद होत नाहीत."

"म्हणजे?"

"चाचणीच्या मशीनवर पंधरा मिनिटांत बंद व्हायची. इथे सोमवारपासून एकही झालेलं नाही. रजेवर गेलेल्यांचीसुद्धा उघडी."

म्हटलं, खरं मशीन आहे, वर्दळ आहे. होतील. पहिल्या आठवड्यात पाहुणे उठतच नसतात.


१९ मार्च, गुरुवार

आज पोट धरून हसलो.

अकराला फोन. क्लेमवाले साहेब, आवाज टिपेला. "बघा! बघा तुमची घरं! पुन्हा भरलं! मशीन बंद!"

मी कान दिला. खाली खुर्ची सरकली होती, पण एकच! त्यांची! बाकी सगळीकडे टकटक चालू.

"साहेब, मशीन बंद नाही. तुमचं घर भरलंय."

"माझं? मी काय भरणार?"

वर्षानुवर्षं प्रत्येक पत्राच्या चार-चार प्रती सांभाळून ठेवलेल्या! जिना उतरून गेलो, तोवर सगळा विभाग माना खाली घालून हसत होता. बातमी तिसऱ्या मजल्यावर माझ्याआधी पोचली. दुपारी जिन्यात बाई भेटल्या. म्हणाल्या, "चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती म्हणायची."

"संन्यासीण," मी म्हटलं. हसल्या! बाई हसतात हे ऑफिसात कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

आता ऑफिसभर एकच चर्चा: दीड वर्ष क्लेमवाल्यांनी भरलं आणि नाव बाईंचं घेतलं. मीही दोन ठिकाणी तेल ओतलं. नाही कशाला म्हणू?


२२ मार्च, रविवार

सहज ऑफिसात डोकावलो. मजल्यावर चिटपाखरू नाही. पडदा लावून बघतो तर साडेतीनशेच्या साडेतीनशे घरं उघडी! रविवारी? कोण येतंय-जातंय एवढं?

शंकासुराला फोन केला. म्हणाला, "मी म्हणत होतो." या तीन शब्दांसाठी माणूस जगतो.

बाहेरचं कोणी शिरलंय का, म्हणून सगळी दारं तपासली. कोणी नाही. घरी आलो तर दाराची किल्ली सापडेना. खिसे उलटे केले, पिशवी झाडली. बायकोने दार उघडलं. सकाळपासून किल्ली बाहेरून कुलपातच लटकलेली.

"काखेत कळसा!" म्हणाली.


३१ मार्च, मंगळवार

मुदत संपली. मी जिंकलो!

आठ तारखेपासून ऑफिस एक मिनिट अडलेलं नाही. साहेबांनी सगळ्यांना सभागृहात बोलावून सांगितलं: गणितबाईंचं काम मशीनवरच राहील, नवीन योजना त्यांच्याच गणितावर निघेल. बदलीचं पत्र फाडलं, असं कॅन्टीनच्या टेबलावर ऐकलं. आणि शुक्रवारी चार वाजता माझा सत्कार! टेपच्या ट्रॉल्या ढकलणाऱ्याचा!

नंतर बाई आल्या. "आभार मानायला शब्द नाहीत, असं म्हणणार नाही. आहेत. पण शुक्रवारी सगळ्यांसमोर म्हणेन." मग म्हणाल्या, "ते दोन वर्षांचे निकाल असते तर गणित आणखी बारीक बसलं असतं. जाऊ दे. तुमचा काय दोष? तुम्ही यादीत दिसलं ते सांगितलंत."

क्लेमवाले हल्ली डबा आपल्या खोलीतच खातात. थोडं वाईट वाटतं. थोडंच.


२ एप्रिल, गुरुवार

भाषण तयार. बायकोसमोर उभं राहून म्हणून दाखवलं. 'मी' किती वेळा आला ते तिने बोटांवर मोजलं. बोटं पुरली नाहीत.


३ एप्रिल, शुक्रवार

सकाळी भाषण मशीनवर टाइप केलं. सेव्ह होईना. जागा नाही. माझ्या घरात!

आत बघितलं. पहारेकरी! नवीन घरात सामान टाकताना मीच त्यालाही आणून बसवला होता. दर दहा मिनिटांनी साडेतीनशे दारं ठोठावतोय, एकालाही बंद होऊ देत नाही. आणि जे दिसेल ते लिहून माझ्याच घरात रचतोय, थर वर थर. शंकासुराला सतरंजीखालचा माझा जुना कप्पा मोजायला लावला. दीड वर्षाचे थर; पहिली वेळ सोडली तर खोली भरत होतो तो मीच. त्याची ती न जुळणारी बेरीज चोख जुळली. तो काही बोलला नाही. 'मी म्हणत होतो' एवढंही नाही.

बाईंनी पुसलेली दोन वर्षं, क्लेमवाल्यांचा तो डबा.

कान दिला. खाली एकही खुर्ची सरकलेली नाही. साडेतीनशे माणसं कामात, अडलो मी एकटा. योजना एक नंबर!

भाषण बदललं. आता एका वाक्याचं आहे, आणि ते चारच्या आधी तिसऱ्या मजल्यावर म्हणायचं आहे.